सातव्या वळणावरचा डाग

चालकाच्या सीटला कुणी हात लावायचा नाही, हा बाबांचा हुकूम बरोबर दोन महिने टिकला. तेवढ्या काळात त्यांच्या मधल्या मुलीने, मधलीने, महाराणी या गाडीचं बाकी सगळं पोट रिकामं करून पुन्हा भरलं होतं. दारांच्या आतलं पापुद्रे सुटलेलं कातडं, डॅशबोर्डच्या लाकडी फळीवरचं काळवंडलेलं पॉलिश, छताचं विरलेलं कापड, बाजूच्या सीटच्या मोडक्या स्प्रिंगा, एकूण एक. दोन सीटांची ती बुटकी हिरवी गाडी बावन्न वर्षांपूर्वी डोंगरचढणीच्या शर्यतीत पहिली आली होती. तेव्हापासून ती गॅरेजात विटांवर उभी होती आणि तिचं नाव महाराणी होतं. बाबांनी ठेवलेलं. आईला त्यांनी आयुष्यात कधी असल्या नावाने हाक मारली नव्हती.

दुपारी आपलं सोफे दुरुस्तीचं दुकान कारागिराच्या हवाली करायचं, टेम्पो काढायचा, आईबाबांच्या घरी यायचं आणि गाडीत शिरून पाठ मोडेपर्यंत खिळे उपसायचे, असे मधलीचे दोन महिने गेले. दादा देखरेख करत होता. दादा दातांचा डॉक्टर. तो आठवड्यातून एकदा यायचा, दवाखान्यातला तो छोटा गोल आरसा खिशातून काढून सीटखाली धरायचा आणि म्हणायचा, "इथे अजून थोडं खरवडायला हवं." मग हात धुऊन जायचा. बाहेर मात्र सगळीकडे "सध्या गाडीचं आतलं काम काढलंय आम्ही" असं चाललं होतं. त्या 'आम्ही'त मधली कुठे बसत होती, देव जाणे.

आणि मधलीला हे सगळं कशासाठी हवं होतं, तेही सांगूनच टाकावं. किल्लीसाठी. बाबांनी जाहीर केलं होतं की आतलं काम पुरं होईल त्या दिवशी गळ्यातल्या साखळीतली किल्ली काढून देणार. कुणाला? "जो माझ्यासारखी चालवू शकेल, त्याला." यावर सगळ्यांनी दादाकडे पाहिलं होतं आणि दादाने विनयाने जमिनीकडे. मधली वीस वर्षं भर बाजारातून सोफ्यांनी लादलेला टेम्पो उलटा घालत आली होती, पण तिच्याकडे कुणी मान वळवली नाही. सतरा वर्षांची असताना तिने एकदाच विचारलं होतं, "मी शिकू का महाराणी चालवायला?" बाबा हसून म्हणाले होते, "ही बायकांची गाडी नव्हे. आणि तू बुटकी, तुझे पाय तरी पोचतील का?" आई तेव्हा तिथेच भांडी विसळत होती. तिने नळ थोडा मोठा केला होता, बस्स.

तर त्या रविवारी सगळे जमले, कारण आता एक चालकाची सीटच राहिली होती. ती उसवायची, मोजमाप घ्यायचं, पुढच्या रविवारपर्यंत शिवून बसवायची, की काम पुरं. बाबा खुर्ची टाकून गॅरेजच्या दारात बसले. इस्त्रीचा कोट, हातात काठी, ऐंशी वर्षांची ताठ मान. आई पलीकडे स्टुलावर मटार सोलत होती. वहिनी दादाच्या शेजारी उभी होती आणि धाकटा दादाच्या मागे. धाकटा घरांचा दलाल. महाराणी दादाला मिळून त्याच्या नव्या दवाखान्यासमोर शोभेला गेली की रिकामं गॅरेज आपल्याला मिळेल, असा त्याचा हिशेब होता, त्यामुळे गेले दोन महिने त्याला दादाचं सगळंच पटत होतं.

"आधी एक छोटासा कार्यक्रम," दादा म्हणाला आणि त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट काढली.

चौकटीत काचेमागे गाडीच्या जुन्या गालिच्याचा एक तुकडा होता. मधोमध पसरट तपकिरी डाग. खाली पितळी पट्टी, तिच्यावर कोरलेलं: 'सातवं वळण'.

हा डाग घरात सगळ्यांना पाठ होता. सातव्या वळणावर ब्रेकची नळी फुटली, तेल बाजूच्या सीटसमोर उडालं, गालिचा भिजला आणि बाबांनी ब्रेकशिवाय, नुसत्या गिअरवर, उरलेला डोंगर सर केला. येणाऱ्याजाणाऱ्याला बाबा गाडीचं दार उघडून तो डाग दाखवत. पाहुणे वाकून बघत, हळहळत आणि चहा पिऊन जात. मधलीने गालिचा बदलताना तो फेकायला काढला, तेव्हा दादा ओरडलाच होता. त्याने स्वतः कात्रीने तो चौकोन कापून घेतला होता. दोन महिन्यांत त्याने केलेलं तेवढं एकच काम.

"दोन आठवडे माझ्या वेटिंग रूममध्ये लावला होता," दादा म्हणाला. "पेशंट अगदी भारावून जातात. दाढ काढायची भीतीच पळते त्यांची."

"अजून वास येतो म्हणे तेलाचा," वहिनी कौतुकाने म्हणाली.

"येणारच," बाबा म्हणाले. "जातिवंत तेल होतं ते."

मधलीने चौकटीवर वाकून पाहिलं. डागांवर तिचं पोट होतं. तेल कापडात मुरतं, कडेने पसरत जातं. हा डाग मुरला नव्हता, वर वाळून खवले धरून बसला होता. असले डाग तिने सोफ्यांवर शेकड्याने काढले होते, बहुतेक लहान पोरं असलेल्या घरांत. पण बावन्न वर्षांच्या भक्तीपुढे तोंड कोण उघडणार?

"एकोणीस वळणं होती," बाबांनी सुरुवात केली.

"गेल्या वर्षी सतरा होती," आई मटारच्या शेंगेला म्हणाली. कुणी लक्ष दिलं नाही.

बाबांनी एकोणीसच्या एकोणीस वळणं घेतली. ती संपेपर्यंत मधलीने पाना लावून सीटचे बोल्ट सैल करायला घेतले होते. तिने सीट मागे सरकवायला जोर लावला, सीट ढिम्म हलेना. मग टॉर्च धरून खालचा रूळ पाहिला. रुळाला सात खाचा होत्या. सीटची कडी सगळ्यात पुढच्या खाचेत अडकून तिथेच गंजून बसली होती.

"दादा, ही सीट अगदी पुढे आहे रे."

"मग मागे घे."

"घेते. पण पुढे कशी आली?"

दादाने खिशातून आरसा काढला, सीटखाली धरला, भुवया उंचावल्या. "गंजाने सरकली असणार."

"गंज अडकवतो दादा, सरकवत नाही."

"तुला फार कळतं," वहिनी म्हणाली. "अहो, मी काय म्हणते, सीट निघायच्या आधी बाबांचा एक फोटो घेऊ या ना. स्टीअरिंगवर बसलेला. चौकटीशेजारी लावता येईल."

"फर्स्ट क्लास!" धाकटा म्हणाला आणि त्याने मोबाइल काढलासुद्धा.

"आज नको," बाबा म्हणाले. "आज पाठ धरली आहे."

"अहो बाबा, एक मिनिटाचं तर काम आहे. तुम्ही त्या सीटवर बसलेले आम्ही कुणी पाहिलंच नाहीये कधी," वहिनी म्हणाली. सून बोलली ती कौतुकाने, त्यात काडीचाही खोचकपणा नव्हता. पण ते वाक्य मधलीच्या डोक्यात अडकलं. खरंच की. कुणीच पाहिलं नव्हतं. पोरं कळती झाली तेव्हा गाडी विटांवर होती, "ती शर्यत जिंकल्यावर तिला साध्या रस्त्यावर आणणं हा तिचा अपमान" म्हणून. बाबा ऑफिसला बसने जात. इतर गाडीवाल्यांच्या लायकीविषयी त्यांचं मत वाईट होतं, म्हणून ते स्वतः चालवत नाहीत, असं घरात मानलं जाई.

दोन्ही मुलांनी दोन्ही बगलांना धरून बाबांना उचललं आणि आत सोडलं. म्हणजे सोडायला सुरुवात केली. एक पाय गेला. दुसरा पाय स्टीअरिंगखाली जाईना. दादाने गुडघा दाबला, धाकट्याने घोटा ओढला, बाबा "अरे अरे अरे" करत खाली घसरले आणि बसले एकदाचे. दोन्ही गुडघे स्टीअरिंगच्या दोन्ही बाजूंनी कानांशी आले, पोट चाकात रुतलं आणि हॉर्न वाजला. तो नवीन बॅटरीवर चांगला खणखणीत वाजत होता आणि बाबा श्वास सोडतील तेव्हाच थांबत होता.

"हसा बाबा," धाकटा म्हणाला.

"काढा मला," बाबा म्हणाले, तेही हॉर्नच्या दोन आवाजांच्या मधल्या फटीत.

त्यांना बाहेर काढायला घालण्यापेक्षा जास्त वेळ लागला. कोटाचं एक बटण आतच राहिलं. ते खुर्चीत बसून धापा टाकत असताना फक्त मटार पातेल्यात पडल्याचा आवाज येत होता.

"माणसं वयाबरोबर पसरतात," दादा शेवटी म्हणाला.

"रुंदीने," मधली म्हणाली. "पायांच्या लांबीने नाही पसरत रे."

तिने खाली वाकून बसायची गादी उचलली, बाहेर आणली, बाकावर उपडी टाकली आणि रापीने खालचं गोणपाट कापलं. हात कामाला लागले की तिचं डोकं शांत व्हायचं. आत काथ्याचा थर होता, गाडीइतकाच जुना. काथ्याच्या वर घोड्याचे केस. आणि दोन्हींच्या मध्ये कारखान्यातून न आलेली एक वस्तू: वीतभर जाडीची, घट्ट दाबून भरलेली, जुन्या पडद्याच्या कापडाची उशी. तिने उशीची शिवण अंगठ्याने चाचपली. मेण लावलेला दुहेरी दोरा, आणि दर चौथ्या टाक्याला एक गाठ.

मधली तशीच थांबली. ही गाठ सबंध बाजारात आणखी कुणी मारत नव्हतं. दोरा एका जागी तुटला तरी पुढची शिवण उसवू नये म्हणून ती मारायची, हे तिला नवव्या वर्षी शिकवलं होतं. कुणी, तेही तिला चांगलं आठवत होतं.

ती उठून गाडीपाशी गेली, पेडलांवरचं फाटकं रबर तिने बाजूला केलं. क्लचवर एक लाकडी ठोकळा स्क्रूने पिळलेला होता. ब्रेकवर दुसरा. ॲक्सिलरेटरवर तिसरा, टाचेकडे थोडा तासलेला.

"आई," ती म्हणाली, "ही गाठ तुझी आहे."

"हो," आई म्हणाली.

"हिला मीच सांगितली होती शिवायला," बाबा घाईघाईने म्हणाले. "पाठीसाठी. तेव्हापासूनच पाठीचा त्रास..."

"आणि पेडलवरचे ठोकळे? तेही पाठीसाठी?"

बाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. दादा पुढे झाला. "मधले, तू सीट शिवायला आली आहेस ना? मग शीव. ही चौकशी कशाला? बाबांचं वय काय, बोलतेस काय!"

"मलाही तेच वाटतं, ताई," धाकटा म्हणाला, पण बाबांच्या चेहऱ्याकडे एक नजर टाकून. दादा हरत असेल तर वेळेवर कळावं, एवढाच त्याचा हेतू.

आईने मटारचं पातेलं खाली ठेवलं. पदराला हात पुसत ती उठली. शहात्तर वर्षांची, चिमूटभर बाई. "ती गादी ठेव परत," ती मधलीला म्हणाली. मधलीने ठेवली. आई गाडीच्या पलीकडून वळून आली, दार उघडलं, साडी एका हातात गोळा केली, आधी कंबर, मग दोन्ही पाय एकदम, असं आत वळून बसली. कुणाचा हात धरला नाही. पाय ठोकळ्यांवर टेकले. डावा हात न बघता गिअरच्या दांड्यावर गेला आणि तिने तो एक, दोन, तीन असा पाडला. तिसऱ्याला दांडा जरा अडतो, तिथे तिने मनगट किंचित वळवलं. मधलीला ती खोच शोधायला तीन दिवस लागले होते.

"तेव्हा शर्यतीत बायकांना गाडी चालवू देत नसत," आई समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत म्हणाली. "ह्यांना वळणं सोसत नाहीत. साध्या बसमध्येसुद्धा खिडकीशी बसावं लागतं. चालक म्हणून नाव ह्यांचं दिलं, सोबती म्हणून माझं. डोक्यावर चामडी टोप्या, डोळ्यांवर ते मोठे चष्मे. मी उंच दिसावं म्हणून उशी. वर पोचल्यावर परीक्षकांनी विचारलं, गाडी कुणी चालवली? ह्यांनी हात वर केला. ठरलंच होतं तसं. फक्त तो हात पुन्हा खाली आला नाही."

"बाबा?" दादा म्हणाला.

बाबा कोटाच्या तुटलेल्या बटणाच्या जागी बोट फिरवत होते.

"पण मग सातव्या वळणावर," दादाचा आवाज चिरकला, "ब्रेकची नळी..."

"नळीला काही झालं नव्हतं."

"मग हे तेल?"

"ते तेल नाही रे," आई म्हणाली. "पोटुशी मी होते, तूच होतास पोटात. आणि उलटी ह्यांना झाली."

दादाच्या हातात चौकट होती. त्याने ती आधी छातीशी धरलेली होती. ती हळूहळू लांब गेली, हात ताठ होईपर्यंत. वहिनीने नाकाला पदर लावला. तिला आता वासाचं आपलं वाक्य आठवलं असावं.

"मला आधीपासूनच संशय होता," धाकटा म्हणाला आणि दादाच्या मागून निघून मधलीच्या मागे येऊन उभा राहिला.

हसू सगळ्यात आधी वहिनीला फुटलं. पदरातून खुसखुस आवाज आला, मग धाकट्यालाही हसू आवरेना आणि गॅरेज दणाणून गेलं. दादा चौकट कुठे ठेवावी या विवंचनेत गोल गोल फिरत होता. मधली मात्र हसली नाही. तिला राग आला होता, आणि तो बाबांचा नव्हता.

"आई, मी सतरा वर्षांची होते," ती म्हणाली. "मी विचारलं, तेव्हा तू तिथेच होतीस. बायकांची गाडी नव्हे म्हणाले ते. तुला एक शब्द बोलता आला नाही? तू नळ मोठा केलास."

हसणं थांबलं.

"आला असता," आई म्हणाली. तिने स्टीअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले. "आधी चषक परत घेतील म्हणून बोलले नाही. मग तू झालीस, हा धाकटा झाला, सवड कुणाला होती? मग गोष्ट इतकी रंगायला लागली की वाटलं, सांगू देत, ऐकायला मजा येते. अकरा वळणांची एकोणीस झाली. पण तुझ्या वेळी मी बोलायला हवं होतं. तिथे चुकलं माझं. त्या दिवसापासून मला ही गाडी बघवत नाही."

बत्तीस वर्षं मधलीला वाटत आलं होतं की त्या दिवशी आईला ऐकूच गेलं नव्हतं. ती रापीचं पातं पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

आई गाडीतून उतरली. बाबांसमोर जाऊन तिने हात पुढे केला.

"द्या."

"अगं, पण मी म्हटलं होतं, जो माझ्यासारखी..." बाबा म्हणाले आणि स्वतःच थांबले. तशी चालवणारं तर घरात कुणीही निघालं असतं. त्यांनी मान खाली घालून साखळी काढायला घेतली. ती कानाला अडकली, ती आईनेच सोडवली. किल्ली तिने मधलीच्या हातात ठेवली. बावन्न वर्षं छातीशी राहिलेली ती किल्ली ऊबदार होती आणि थोडी घामट.

"हे काही बरोबर नाही," दादा म्हणाला. "कायदेशीरदृष्ट्या मोठा मुलगा म्हणून..."

"तू होतास की शर्यतीत," आई म्हणाली. "तुझं झालं."

पुढच्या रविवारी सीट बसली. नवं तांबूस कातडं, कडेला दुहेरी शिवण, दर चौथ्या टाक्याला गाठ. आतली स्प्रिंग नवी, काथ्या नवा. पडद्याच्या कापडाची उशी मात्र मधलीने झटकून, उन्हात ठेवून, होती तिथेच परत घातली. रूळ घासून तेल दिलं. सीट आता सातही खाचांत सरकत होती. तिने ती पुढच्या खाचेत नेऊन तिथेच ठेवली. आत बसून पाहिलं तर पाय ठोकळ्यांवर अलगद टेकले. उंचीवरून आयुष्यभर ऐकून घेतलेलं सगळं त्या एका क्षणात वसूल झालं, असं तिला वाटलं, आणि ती एकटीच मोठ्याने हसली.

मेकॅनिकने इंजिन आधीच लावून दिलं होतं. विटा काढल्या, नवे टायर चढवून हवा भरली. दादाही आला होता. दवाखान्याच्या भिंतीवर चौकटीचा खिळा उघडा दिसतो म्हणून तिथे कॅलेंडर लावलंय, एवढं तो बोलला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि फाटकापर्यंत आली, तेव्हा बाजूची सीट रिकामी होती.

"आई, चल ना डोंगरावर."

"मी पाहिलाय तो डोंगर." आई फाटकाला टेकली. "आज मला तू कशी नेतेस ते बाहेरून बघायचंय."

बाबा पायरीवर उभे होते. कोटाचं बटण शिवलेलं होतं. ते दोन पायऱ्या उतरले, काठी चाचपली, घसा साफ केला. आठवडाभर त्यांनी एकही वळण घेतलं नव्हतं.

"मी," ते म्हणाले, "मी बसू का बाजूला? म्हणजे कुणाची हरकत नसेल तर."

मधलीने आईकडे पाहिलं. आईने नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, सावकाश. मग आत जाऊन ती पिशवी घेऊन आली. प्लॅस्टिकची, जाड, न फाटणारी.

"ने त्यांना," ती मधलीला म्हणाली. "ही त्यांच्या हातात दे. आणि गालिचा नवा आहे, सातव्याच्या आधीच आठवण कर."